घटस्फोटानंतर अपत्यांची पोटगी आणि आयकर

घटस्फोटानंतर अपत्यांची पोटगी म्हणजे विवाहविच्छेद झाल्यावर, किंवा पती-पत्नी विभक्त राहत असताना, मुलाचा ताबा नसलेल्या पालकाने मुलाच्या अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण व औषधोपचारासाठी द्यावयाची रक्कम होय. भारतीय कायद्यानुसार हा हक्क मुलाचा स्वतःचा आहे. तो आई किंवा वडिलांच्या वर्तनावर, घटस्फोट कोणाच्या दोषामुळे झाला यावर किंवा पत्नीला स्वतःसाठी पोटगी मिळते की नाही यावर अवलंबून नसतो.

या विषयाची दुसरी बाजू आयकराची आहे. अमेरिकेसारख्या देशांत मूल कोणाच्या विवरणपत्रात अवलंबित म्हणून दाखवायचे, हा घटस्फोटाच्या वाटाघाटीतील मोठा मुद्दा असतो. कारण मुलामागे करात थेट सवलत मिळते. भारतात प्रत्येक व्यक्ती स्वतंत्र करदाता आहे. पती-पत्नीचे संयुक्त विवरणपत्र नसते आणि केवळ मूल आहे म्हणून मिळणारी सर्वसाधारण करसवलतही नाही. त्यामुळे येथे प्रश्न उलट दिशेने उभा राहतो. मुलाच्या नावावर ठेवलेल्या पैशाचे उत्पन्न कोणत्या पालकाच्या उत्पन्नात मिळवायचे, म्हणजेच कराचा बोजा कोणावर पडणार, हा येथील खरा वाद आहे. घटस्फोटाच्या अर्जात त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो आणि तो बहुधा बँकेने मुलाच्या ठेवीवर करकपात केल्यानंतर लक्षात येतो.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः ठाणे जिल्ह्यातील शहाड-उल्हासनगर परिसराला लागू असणारी कायदेशीर स्थिती दिली आहे. आयकराची कलमे आयकर अधिनियम, १९६१ मधील आहेत. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

पूर्वपीठिका

जुन्या मराठी कायदेशीर लेखनात पोटगीसाठी 'अन्नवस्त्र' हा शब्द रूढ होता. अन्नवस्त्राचा दावा हा दिवाणी स्वरूपाचा असे. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड किंवा सोडचिठ्ठी या रूढीने विवाह मोडण्याची प्रथा होती आणि हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २९ ने अशा रूढीला संरक्षण दिले आहे. तथापि काडीमोडीत मुलांच्या पालनपोषणाची लेखी तरतूद सहसा होत नसे. मूल कोणाकडे राहील हे पंच ठरवीत आणि खर्चाचा विषय तेथेच संपे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये, बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांतात विधिमंडळाने १९४७ मध्ये घटस्फोटविषयक कायदे केले.

मुलांच्या पोटगीचा सर्वांत जुना व्यापक आधार मात्र विवाहविषयक कायद्यांत नसून फौजदारी प्रक्रियेत आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८८, त्यानंतर १९७३ च्या संहितेचे कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम १४४ असा त्याचा प्रवास आहे. निराधार व्यक्ती रस्त्यावर येऊ नये हा या तरतुदीचा हेतू असल्यामुळे ती सर्व धर्मीयांना लागू होते.

कलम १२५ मध्ये दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ही मर्यादा संपूर्ण कुटुंबासाठी नसून प्रत्येक अर्जदारासाठी आहे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये लावला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये राज्य दुरुस्ती करून ती १,५०० रुपयांवर नेली. २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने मर्यादाच काढून टाकली आणि अंतरिम पोटगीच्या अर्जावर नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निर्णय व्हावा अशी तरतूद केली. १९७३ ते १९९९ या काळात महागाई कितीही वाढली तरी महाराष्ट्रातील दंडाधिकारी एका मुलासाठी महिना ५०० रुपयांहून अधिक देऊ शकत नव्हता. त्या काळातील अनेक स्त्रिया दिवाणी न्यायालयाचा लांबचा मार्ग का धरीत, याचे एक कारण यात आहे.

मुलाचा हक्क आणि त्याची मर्यादा

हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २६ आणि हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ चे कलम २० लागू होते. कलम २६ नुसार घटस्फोटाचे प्रकरण चालू असताना, निकालात आणि निकालानंतरही न्यायालय अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलांचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांबाबत आदेश देऊ शकते व परिस्थिती बदलल्यास त्यात फेरफार करू शकते. विशेष विवाह अधिनियमाखाली, तसेच पारशी व ख्रिस्ती विवाहांच्या कायद्यांतही समांतर तरतुदी आहेत. मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात मुलासाठी केवळ जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या खर्चाचा उल्लेख आहे. परंतु त्यामुळे मुलाचा कलम १२५ खालील स्वतंत्र हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात स्पष्ट केले.

कलम २० चे वैशिष्ट्य असे की त्यातील जबाबदारी पुरुष व स्त्री दोघांवर आहे. अनौरस अपत्यालाही ते औरस अपत्याइतकाच हक्क देते. पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा (२०००) या प्रकरणात आई व वडील दोघेही नोकरी करीत होते. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलाचा खर्च दरमहा ३,००० रुपये धरून तो वडील व आई यांनी २:१ या प्रमाणात उचलावा असे ठरवले. कमावत्या आईने पोटगी मागूच नये, हा समज या निकालाने खोडला गेला. तिच्या कमाईमुळे वडिलांचा वाटा कमी होऊ शकतो, पण संपत नाही.

हक्काची कालमर्यादा हा या कायद्यातील सर्वांत कच्चा दुवा आहे. कलम २६ व कलम २० ही अज्ञान अपत्यांपुरती आहेत. अविवाहित मुलीला स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करणे शक्य नसल्यास १८ वर्षांनंतरही कलम २० खाली हक्क राहतो आणि तिच्या विवाहाचा वाजवी खर्चही 'निर्वाह' या संज्ञेत येतो. अभिलाषा विरुद्ध प्रकाश (२०२०) या निकालानुसार मात्र हा हक्क दिवाणी स्वरूपाचा आहे. दंडाधिकाऱ्यासमोरील कलम १२५ च्या अर्जात सज्ञान मुलीला केवळ शारीरिक वा मानसिक असमर्थता असल्यासच पोटगी मिळते. मुलाच्या बाबतीत १८ वे वर्ष हीच सर्वसाधारण सीमा आहे. बारावी होऊन अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा अन्य पदवी अभ्यासक्रमाचा मोठा खर्च जेथे सुरू होतो, नेमक्या त्याच टप्प्यावर कायद्याचा आधार सुटतो. म्हणून संमतीच्या अटींत पदवी पूर्ण होईपर्यंतचा शिक्षणखर्च स्वतंत्रपणे लिहून घेण्याला महत्त्व आहे. तसे लिहिले असल्यास तो करार म्हणून बंधनकारक ठरतो.

घटस्फोटाने मुलाच्या वारसाहक्काला बाध येत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार ते पहिल्या वर्गाचे वारस राहते. वडिलांचा मृत्यू झाल्यास, मिळालेल्या मालमत्तेतून अवलंबितांचा निर्वाह करण्याची जबाबदारी १९५६ च्या अधिनियमाच्या कलम २२ नुसार वारसांवर येते.

रक्कम कशी ठरते

भारतात पोटगीचे ठरावीक कोष्टक नाही. पगाराच्या २५ टक्के पोटगी मिळते, हा प्रचलित समज कल्याण डे चौधरी (२०१७) या निकालातील एका विधानावर आधारलेला आहे. ते विधान पत्नीच्या पोटगीबाबत व मार्गदर्शक स्वरूपाचे आहे. मुलांच्या खर्चाचे ते माप नव्हे.

सध्याची कार्यपद्धती प्रामुख्याने रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर चालते. हे प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेले आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने मुलासाठी १ सप्टेंबर २०१३ पासून दरमहा ५,००० रुपये व १ सप्टेंबर २०१५ पासून दरमहा १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरवली होती. ती सर्वोच्च न्यायालयात कायम होईपर्यंत अर्जापासून सात वर्षे उलटली. अंतरिम पोटगीलाच इतका काळ लागतो हे पाहून न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे विहित नमुन्यातील प्रतिज्ञापत्र द्यावे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. एकाहून अधिक कायद्यांखाली अर्ज केले असल्यास आधीच्या आदेशाची रक्कम नंतरच्या आदेशात वजा किंवा समायोजित करावी, असे त्यांत आहे. मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार व शिक्षण यांखेरीज शिकवणी व अन्य वाजवी अभ्यासेतर खर्चही धरला जातो. शिक्षणाचा खर्च साधारणतः वडिलांनी करावा, आई पुरेसे कमावत असल्यास तो प्रमाणात वाटून घ्यावा, असे निकालात म्हटले आहे.

प्रतिज्ञापत्रासोबत आयकर विवरणपत्रे, फॉर्म १६ व बँकेचे उतारे जोडावे लागतात. येथे आयकर व पोटगी यांची पहिली गाठ पडते. दुकानदार, कंत्राटदार किंवा घरगुती कारखाना चालवणारे यांच्या विवरणपत्रातील उत्पन्न प्रत्यक्ष राहणीमानापेक्षा कमी असू शकते. त्यामुळे न्यायालये विवरणपत्राला अंतिम पुरावा न मानता घर, वाहन, कर्जाचे हप्ते व मुलांच्या शाळेचा दर्जा यांवरून उत्पन्नाचा अंदाज बांधतात. नोकरदाराच्या पगारातून आयकर व सक्तीची कपात वजा धरली जाते. स्वेच्छेने घेतलेल्या कर्जाचे किंवा पतपेढीचे हप्ते दाखवून हातात येणारा पगार कमी असल्याचा युक्तिवाद सहसा टिकत नाही.

परस्परसंमतीच्या घटस्फोटातील तडजोड

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३-ब खाली होणाऱ्या घटस्फोटांत मुलांचा विषय बहुधा एका परिच्छेदात उरकला जातो. 'पत्नी स्वतःसाठी व मुलासाठी भविष्यात कोणतीही पोटगी मागणार नाही' असे वाक्य त्यात अनेकदा असते. पत्नी स्वतःचा हक्क सोडू शकते. मुलाचा हक्क सोडण्याचा अधिकार तिला नाही. न्यायालयांनी अशी अट मुलावर बंधनकारक नसल्याचे वेळोवेळी म्हटले आहे, त्यामुळे घटस्फोटानंतरही मुलाच्या वतीने अर्ज करता येतो. अशा अटीवर सही करणाऱ्या स्त्रीला ही बाब ठाऊक नसेल, तर कायद्यातील हे संरक्षण कागदावरच राहते.

एकरकमी पोटगी देण्याची पद्धत या तडजोडीत लोकप्रिय आहे. तीत मुलाच्या नावे मुदत ठेव ठेवून व्याज त्याच्या खर्चासाठी व मुद्दल उच्च शिक्षणासाठी राखले जाते. ठेवीत वसुलीची कटकट नसते हे खरे. पण व्याजाचा आयकर कोण भरणार हे अटींत लिहिले नसल्यास नवा वाद सुरू होऊ शकतो.

आयकर

पोटगी देणाऱ्याला त्या रकमेची वजावट मिळत नाही. पगारावर पूर्ण कर भरून उरलेल्या पैशातून त्याला पोटगी द्यावी लागते.

घेणाऱ्याच्या बाजूने पत्नीची व मुलाची पोटगी वेगवेगळी पाहावी लागते. पत्नीला मिळणाऱ्या पोटगीबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा प्रतापगडच्या राजकन्या महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणातील निर्णय आधारभूत मानला जातो. त्यानुसार एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती असल्यामुळे करपात्र नाही, तर दरमहा मिळणारी पोटगी महसुली उत्पन्न म्हणून करपात्र आहे. मुलासाठी वडिलांनी दिलेली रक्कम मुलाच्या निर्वाहासाठी असते. शिवाय वडील हे मुलाचे वंशपूर्वज असल्याने कलम ५६ मधील 'नातेवाईक' या व्याख्येत येतात आणि त्यांच्याकडून मुलाला मिळालेला पैसा भेट म्हणून करपात्र ठरत नाही. म्हणून आदेशात किंवा अटींत पत्नीची रक्कम व मुलाची रक्कम वेगळी लिहिलेली असणे हिताचे असते. 'पत्नी व मुलांसाठी दरमहा एकत्रित अमुक रुपये' अशा मोघम आदेशात किती रक्कम करपात्र हे ठरवणे अवघड जाते.

मुलाच्या उत्पन्नाची बेरीज

कलम ६४(१अ) हे १९९२ च्या वित्त अधिनियमाने आले. अज्ञान मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवावे, असे ते सांगते. कोणत्या पालकाच्या, याचे उत्तर विवाहाच्या स्थितीवर अवलंबून आहे. आई-वडिलांचा विवाह अस्तित्वात असेल तर ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या, आणि विवाह अस्तित्वात नसेल तर त्या वर्षी मुलाचा निर्वाह करणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात ते मिळवले जाते.

या छोट्या तरतुदीचे परिणाम मोठे आहेत. घटस्फोटाचा खटला चार-पाच वर्षे चालला, तर त्या काळात विवाह कायद्याने अस्तित्वात असतो. मूल आईकडे राहत असले तरी मुलाच्या ठेवीवरील व्याज अधिक उत्पन्न असलेल्या पालकाच्या, बहुधा वडिलांच्या, विवरणपत्रात जाते. न्यायिक विभक्ततेतही विवाह टिकून असल्याने हाच नियम लागू होतो. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की चित्र पालटते आणि तेच व्याज मुलाला सांभाळणाऱ्या आईच्या उत्पन्नात येते. ठेव वडिलांच्या पैशातून ठेवलेली असली तरी फरक पडत नाही.

समजा, मुलाच्या नावे १० लाख रुपयांची ठेव असून व्याजदर ७ टक्के आहे. वर्षाचे व्याज ७०,००० रुपये होते. जुनी करप्रणाली निवडलेल्या आईला कलम १०(३२) नुसार प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांची सूट मिळून ६८,५०० रुपये तिच्या उत्पन्नात मिळतात. ती २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह १४,२४८ रुपये कर येतो. नव्या करप्रणालीत १,५०० रुपयांची सूटही नाही. पूर्ण ७०,००० रुपये मिळवले जातात. मुद्दलाला मूल सज्ञान होईपर्यंत हात लावायचा नाही अशी अट असेल, तर जो पैसा आई वापरू शकत नाही त्याचा कर तिला स्वतःच्या पगारातून भरावा लागतो.

कायद्यातील शब्द 'ताबा असलेला' असा नसून 'निर्वाह करणारा' असा आहे, हेही लक्षणीय आहे. मूल आईच्या घरी राहते, पण शाळा, कपडे, औषधे यांचा सर्व खर्च वडील देतात, अशा स्थितीत निर्वाह कोण करतो यावर वाद होऊ शकतो. संमतीच्या अटींत कराची जबाबदारी नमूद केल्यास पक्षकारांतील हिशेब मिटतो. आयकर अधिकाऱ्यावर मात्र ती अट बंधनकारक नसते. एकदा एका पालकाच्या उत्पन्नात मुलाचे उत्पन्न मिळवले गेले, की पुढील वर्षी दुसऱ्या पालकाच्या उत्पन्नात ते हलवण्यापूर्वी अधिकाऱ्याने त्या पालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. आईने नंतर पुनर्विवाह केला तरी मुलाच्या जन्मदात्यांचा विवाह संपलेलाच असतो, म्हणून नियम तोच राहतो.

मुलाने स्वतःच्या श्रमातून, कौशल्यातून किंवा कलेतून मिळवलेले उत्पन्न, उदाहरणार्थ जाहिरातीत किंवा मालिकेत काम करून मिळालेले मानधन, पालकाच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. ते मानधन गुंतवून मिळालेले व्याज मात्र मिळवले जाते. कलम ८०यू मध्ये नमूद केलेले अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्नही या तरतुदीतून वगळले आहे. मूल सज्ञान झाल्यानंतरचे उत्पन्न त्याचे स्वतःचे गणले जाते. बँकेने मुलाच्या पॅनवर करकपात केली असल्यास, ज्याच्या उत्पन्नात व्याज मिळवले जाते त्या पालकाला नियम ३७बीए नुसार बँकेकडे घोषणापत्र देऊन त्या कपातीचे श्रेय घेता येते.

घराची तरतूद आणखी निराळी आहे. विभक्त राहण्याच्या कराराच्या संदर्भात पतीने पत्नीला मालमत्ता दिली तर तिचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. पण वडिलांनी सदनिका अज्ञान मुलाच्या नावे केली, तर कलम २७ नुसार वडीलच तिचे मानीव मालक राहतात आणि भाड्याचे उत्पन्न त्यांच्याच नावे करपात्र होते. विभक्ततेच्या कराराचा अपवाद या ठिकाणी मुलापर्यंत पोहोचत नाही. तडजोडीत घर मुलाच्या नावे करण्याची सूचना वारंवार येते, तेव्हा ही बाब तपासून पाहणे आवश्यक ठरते.

वजावटी

जुन्या करप्रणालीत मुलांशी निगडित काही वजावटी आहेत आणि त्यांचे सूत्र एकच आहे: ज्याने पैसे भरले त्याला वजावट. कलम ८०क खाली भारतातील शाळा-महाविद्यालयांच्या पूर्णवेळ शिक्षणाचे शिकवणी शुल्क, प्रत्येक करदात्याच्या कोणत्याही दोन मुलांसाठी, १.५ लाख रुपयांच्या एकत्रित मर्यादेत वजा मिळते. विकास निधी व देणगी त्यात धरत नाहीत. ताबा कोणाकडे आहे याची अट येथे नाही. वडिलांनी पोटगी आईच्या खात्यात जमा केली आणि आईने शाळेचे शुल्क भरले, तर वजावट आईची. वडिलांनी थेट शाळेत भरले, तर त्यांची. दोघांनी भाग वाटून घेतल्यास प्रत्येकाला आपापल्या पावतीपुरती वजावट मिळते, एकच पावती दोघांनी दाखवता येत नाही. शैक्षणिक कर्जाचे व्याज (कलम ८०ई) व अपंग अवलंबिताचा खर्च (कलम ८०डीडी) यांसाठीही स्वतंत्र तरतुदी आहेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मूलभूत ठरलेल्या नव्या करप्रणालीत या वजावटी मिळत नाहीत, त्यामुळे त्यांवरून होणारे वाद आता बरेच निरर्थक झाले आहेत.

वसुली

पोटगीचा आदेश मिळणे व पैसे मिळणे यांत अंतर असते. कलम १४४ खालील आदेश पुरेशा कारणाशिवाय न पाळल्यास दंडाधिकारी दंडवसुलीप्रमाणे वॉरंट काढतो आणि थकीत असलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतो. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. 'एकदम सगळी थकबाकी मागू' म्हणून थांबणाऱ्या अर्जदारांची जुनी रक्कम या मुदतीमुळे अडचणीत येते.

दिवाणी हुकूमनाम्याची वसुली दरखास्तीद्वारे होते. साधारण कर्जाच्या वसुलीत पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या वसुलीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार केवळ एक-तृतीयांश पगार सुरक्षित राहतो, म्हणजे दोन-तृतीयांशापर्यंत जप्ती होऊ शकते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २० खाली मुलांसाठीही पोटगी मिळते आणि रक्कम पगारातून परस्पर देण्याचा आदेश मालकाला देता येतो.

शहाड-उल्हासनगर परिसर

शहाड हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील कल्याणनंतरचे पहिले स्थानक. आसपासच्या वस्तीचा काही भाग उल्हासनगर महानगरपालिकेत, तर काही भाग कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत येतो. त्यामुळे अर्ज कोणत्या न्यायालयात करायचा हा प्रश्न येथे पत्त्यानुसार, म्हणजे घर कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे यावरून सुटतो. कुटुंब न्यायालय असलेल्या क्षेत्रात पोटगी व घटस्फोट दोन्ही विषय त्याच न्यायालयाकडे जातात. अन्यत्र पोटगीचा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे व घटस्फोटाचा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाकडे होतो. उल्हासनगर येथे दंडाधिकारी न्यायालय, तर कल्याण येथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय आहे.

पत्नी जेथे राहते तेथेही पोटगीचा अर्ज करता येतो, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर घटस्फोटाचा अर्जही. विवाह जळगावला झालेला व पती नाशिकला नोकरीस असला, तरी शहाडला माहेरी आलेली स्त्री येथूनच दोन्ही प्रकरणे चालवू शकते. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, घटस्फोट व कौटुंबिक हिंसाचार यांविषयीच्या प्रकरणांत स्त्री पक्षकारांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला नसल्यामुळे विधी सहाय्य मिळणार नाही, या समजाला आधार नाही.

पोटगीच्या कायद्यात या परिसराला एक वेगळेच स्थान आहे. कल्याण येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका विवाहित डॉक्टर स्त्रीविरुद्ध तिच्या वडिलांनी कल्याणच्या दंडाधिकाऱ्याकडे कलम १२५ खाली अर्ज केला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि विवाहित मुलीवरही निराधार आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी असल्याचा निर्णय १९८७ मध्ये झाला. ज्या कलमाखाली मूल पालकाकडे मागते, त्याच कलमाखाली पालक पुढे मुलाकडे मागू शकतो.

गोवा

गोव्यात हिंदू विवाह अधिनियम लागू नाही. तेथे पोर्तुगीजकालीन कुटुंबकायदा चालू आहे. पती-पत्नीच्या मालमत्तेच्या समाईकीमुळे आयकर अधिनियमाच्या कलम ५अ नुसार पगाराखेरीज अन्य उत्पन्न दोघांत निम्मे विभागले जाते. विवाह संपला की ही विभागणीही थांबते.

परदेशस्थ मराठी कुटुंबे

एक पालक परदेशात व दुसरा भारतात असल्यास दोन देशांचे नियम एकाच मुलाला लागतात. अमेरिकेत मुलांची पोटगी देणाऱ्याला वजा मिळत नाही व घेणाऱ्याला करपात्र नसते. मूल ज्या पालकाकडे वर्षातील अधिक रात्री राहते तो ताबेदार पालक मानला जातो आणि अवलंबित मुलाचा हक्क त्याचा असतो. फॉर्म ८३३२ वर सही करून तो हा हक्क दुसऱ्या पालकाला सोडू शकतो. भारतीय नागरिक असलेले व शहाडला आईजवळ राहणारे मूल अमेरिकेतील वडिलांना तेथील विवरणपत्रात अवलंबित म्हणून दाखवता येत नाही, कारण मूल अमेरिकेचे नागरिक वा रहिवासी असणे, किंवा कॅनडा अथवा मेक्सिकोचे रहिवासी असणे आवश्यक असते. मूल अमेरिकेत जन्मलेले नागरिक असेल, तर आईच्या सहीने तो मार्ग खुला राहतो. अशी सही देण्यापूर्वी पोटगीची थकबाकी वसूल करून घेण्याची संधी आईला मिळते.

परदेशी न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा भारतात थेट अंमलात आणण्यासाठी तो देश दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अधिसूचित असावा लागतो. ब्रिटन व सिंगापूर पूर्वीपासून या यादीत आहेत. संयुक्त अरब अमिराती जानेवारी २०२० मध्ये तीत आली, त्यामुळे दुबईतील निकालांबाबत स्थिती बदलली. अमेरिका यादीत नाही. तेथील हुकूमनाम्यावर भारतात नवा दावा करावा लागतो. भारतातील ठेवीचा करही येथील नियमानेच ठरतो: घटस्फोट झालेला असेल व मूल आईकडे असेल, तर परदेशातील वडिलांनी मुलाच्या नावे कल्याणच्या बँकेत ठेवलेल्या रकमेचे व्याज आईच्या विवरणपत्रात येते.